रोजच्या उन्हाचा हिशेब

आमच्या बाजारात बाईमाणसाने गॉगल लावला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ताई, डोळे आलेत का?" दुसरा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नाही, पण नजरेत असतो. खांद्याला रेक्झिनची पिशवी अडकवून, दुकानादुकानांतून दहा-वीस रुपये गोळा करत फिरणाऱ्या बाईला गॉगल कशाला हवा?

मी सतरा वर्षं बदलापूर पश्चिमेला एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. रोजच्या रोज थोडे थोडे पैसे घरी-दारी येऊन जमा करून घेण्याची ही पद्धत १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने सुरू केली, तेव्हा दोन आणेसुद्धा घेतले जायचे. आज माझ्याकडे दहा रुपयांपासून पाचशेपर्यंत भरणारे खातेदार आहेत. भाजीवाले, गॅरेजवाले, सलूनवाले, डोक्यावर टोपली घेऊन पाड्यांवरून उतरणाऱ्या बायका. सकाळी साडेआठला घर सोडायचं, अकरा ते दोन आणि चार ते सहा बाजारात फिरायचं, मधल्या वेळात कार्यालयात भरणा. म्हणजे जाणं-येणं धरून दिवसातले सहा तास तरी मी उन्हात असते.

राहायला मी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. सकाळी सगळे कल्याण-मुंबईकडे धावत असतात आणि मी स्कूटर घेऊन उलट्या दिशेला, अंबरनाथवरून बदलापूरला निघते. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही रेल्वेची ओळ आग्नेयेकडे उतरत जाते आणि रस्ताही साधारण तिच्याच बाजूने जातो. त्यामुळे सकाळी जाताना सूर्य समोर आणि संध्याकाळी वायव्येकडे परतताना सूर्य पुन्हा समोर. मुंबईला जाणाऱ्यांच्या पाठीला जे ऊन लागतं, ते माझ्या डोळ्यांत येतं. फॉरेस्ट नाका मागे पडला की चिखलोलीच्या पट्ट्यात थंडीतलं तिरपं ऊन असं काही समोरून येतं की पुढच्या टेम्पोचा लाल दिवा पेटला की विझला ते कळत नाही. उन्हाळ्यात तर बोलायलाच नको. समुद्राचा वारा आमच्यापर्यंत पोचायला दुपार कलते. मार्च-एप्रिलात मुंबईत पारा पस्तिशीला असतो तेव्हा बदलापुरात त्याने चाळिशी ओलांडलेली असते, असे दिवस दरवर्षी येतात.

तरीही कित्येक वर्षं मी स्टेशनबाहेर जाळीवर टांगलेले गॉगल घेत होते. मला हिशेब लिहायची सवय आहे, घरखर्चाचीसुद्धा वही असते. एका वर्षाची पानं चाळली तेव्हा त्यात सहा गॉगल निघाले, दीडशेच्या आसपासचे, मिळून नऊशे तीस रुपये. एकाची काडी बिजागरीपाशी पांढरी पडून तुटली. एकाची काच चालत्या स्कूटरवर निसटली आणि मागून येणाऱ्या रिक्षाखाली गेली. दोन तर ओढणीला पुसून पुसून इतके चरे पडलेले झाले की उन्हात समोर धुकं दिसावं. वर्षाचे माझे कामाचे दिवस तीनशे. म्हणजे स्वस्तातला गॉगल मला दिवसाला तीन रुपये दहा पैशांना पडत होता.

उजव्या डोळ्यात सतत काहीतरी खुपतंय म्हणून डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी आरशात दाखवलं. नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढऱ्या भागावर मांसाचा एक बारीक त्रिकोण बुबुळाकडे सरकत होता. टेरिजियम. आमच्याकडे लोक म्हणतात, डोळ्यात मांस वाढलंय. ऊन, वारा आणि धूळ यांत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना होतो. अजून शस्त्रक्रियेची गरज नव्हती, पण वाढू द्यायचा नव्हता. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट समजावली. हे बहुतेक वेळा नाकाच्याच बाजूला का होतं? तर कानाकडून, बाजूने येणारा प्रकाश बुबुळाच्या गोलाईतून वाकतो आणि भिंगातून जावा तसा पलीकडच्या, नाकाकडच्या कडेवर एकवटतो. म्हणजे मी समोरच्या सूर्याला भीत होते आणि नुकसान करत होता तो बाजूने शिरणारा. इवल्याशा काचांच्या फॅशनच्या गॉगलांचा नाद मी त्याच दिवशी सोडला.

घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुला आर्क लागलीय. फक्त सावकाश."

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत वेल्डर होते. वेल्डरच्या घरात वाढलेल्या कुठल्याही मुलीला आर्क लागणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माझ्या लहानपणी महिन्या-दोन महिन्यांतून एखादी रात्र अशी यायची. बाबा संध्याकाळी ठणठणीत असायचे, जेवायचे, झोपायचे आणि रात्री दोनच्या सुमाराला उठून बसायचे. डोळ्यात वाळू भरल्यासारखं व्हायचं, पाणी थांबायचं नाही, दिवा लावू द्यायचे नाहीत. आई अंधारातच बटाट्याच्या चकत्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळून डोळ्यांवर ठेवायची. त्यांचा हात सुटायचा तो मोठ्या कामात नाही. शिल्ड न धरता एखादा टाका मारताना किंवा शेजारचा पेटवत असताना चुकून मान वळली म्हणून. ती जळजळ सहा-आठ तासांनी वर येते, त्यामुळे नेमकी कधी लागली तेही आठवत नाही.

"झगझगाटाने डोळा दिपला की माणूस आपोआप तोंड फिरवतो," बाबा म्हणाले. "पण जळतो ज्याने, ते दिसतच नाही. म्हणून काळी काच नुसती काळी असून चालत नाही. तिच्या मागे डोळा बिनधास्त उघडा राहतो."

हेच डॉक्टर वेगळ्या शब्दांत बोलले होते. अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. नुसत्या रंगवलेल्या काचेमागे अंधार झाला की बाहुली मोठी होते, मिचकावणं थांबतं आणि ती काच जर अतिनील किरण अडवत नसेल तर उघड्या डोळ्यापेक्षा जास्त किरण आत जाऊ शकतात. गॉगलवर लिहिलेलं यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारा. पृथ्वीवर पोचणारे यूव्ही-बी आणि यूव्ही-ए हे दोन्ही त्याच्या आत येतात.

मग मी घाबरून उलट्या टोकाला गेले. एका मॉलमधून चार हजार दोनशेचा गॉगल आणला. धातूची बारीक फ्रेम, काडीला स्प्रिंग, चकचकीत डबी. माझ्यासारखीला चार हजार म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. चौदा महिन्यांनी डावी स्प्रिंग ढिली पडली आणि काडी फाटकासारखी लोंबायला लागली. स्कूटरच्या डिकीत उन्हाळ्यात राहिल्यामुळे काचेवरच्या थराला जाळीसारख्या बारीक भेगा गेल्या होत्या, ती चूक माझी. पण स्प्रिंगसाठी दुकानात गेले तर सुटा भाग मिळत नाही म्हणाले. नवा घ्या, वीस टक्के सूट देऊ. तिथून बाहेर पडताना मला खरोखर रडू आलं. दिवसाला बारा रुपये पडले होते आणि हातात होती एक डबी.

तो तुटका गॉगल आणि घरातले तीन जुने असे पिशवीत घालून मी एका गुरुवारी उल्हासनगरातल्याच एका चष्म्याच्या दुकानात गेले. गजानन मार्केट आणि जपानी बाजार यांच्या गर्दीपासून जरा बाजूला, दोन माणसं उभी राहिली की भरणारं दुकान. चालवणारे काका सत्तरीतले सिंधी गृहस्थ. त्यांचे वडील फाळणीनंतर सक्करहून आले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी लष्करासाठी बांधलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकीत राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या छावणीचं उल्हासनगर झालं, तेव्हा वडील लोकलमध्ये पेटी घेऊन कंगवे, आरसे आणि चष्मे विकायचे. काका हिंदी-मराठी-सिंधी मिसळून बोलतात. इथे मी त्यांचं बोलणं मराठीतच लिहिते.

उल्हासनगरच्या मालाबद्दल सगळ्या महाराष्ट्रात एक गोष्ट सांगितली जाते, 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. मी इथे जन्मले, आणि ही गोष्ट ऐकली की मला वाईट वाटतं. कारण नक्कल करायला आधी मूळ वस्तू खोलावी लागते, तिचा एकेक भाग समजून घ्यावा लागतो. काकांनी काउंटरखालून दोन जुने गॉगल काढून माझ्यापुढे ठेवले. एक बॉश अँड लॉम्बच्या काळातला खरा रेबॅन, दुसरा त्याची नक्कल. खऱ्याच्या काचेवर बिजागरीजवळ बारीक अक्षरं कोरलेली होती, नखाला लागणारी. नकलेवर ती छापलेली होती, निम्मी पुसलेली. एव्हिएटर १९३७ चा, वैमानिकांसाठी केलेला. वेफेअरर १९५२ चा. १९९९ साली तो सगळा धंदा इटलीच्या लक्सोटिकाने घेतला. काकांना हे सगळं तोंडपाठ. पण नक्कल त्यांनी हिणवली नाही. म्हणाले, "आकार सत्तर-ऐंशी वर्षं तोच आहे, कारण तो भुवईपासून गालापर्यंत डोळा झाकतो. आकाराचे पैसे द्यायचे नाहीत. पैसे काचेचे, बिजागरीचे आणि फ्रेम कशाची आहे त्याचे."

मी माझा प्रश्न विचारला. माझ्या या चार गॉगलांतला कुठला डोळ्यांना चालतो?

त्यांनी गल्ल्याशेजारचा नोटा तपासायचा जांभळा दिवा पुढे ओढला. रोज शेकडो नोटा हाताळणारी मी, हा दिवा मला घरच्यासारखा ओळखीचा. पण त्याचा हा उपयोग कधी सुचला नव्हता. दिव्याखाली नोट धरली की एरवी न दिसणारे धागे उजळतात आणि आकडेही चमकायला लागतात, कारण दिव्यातून अतिनील किरण निघतात. काकांनी दिवा आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच धरली. मॉलच्या गॉगलखाली नोट मेल्यासारखी झाली, एक धागा चमकेना. काच किरण अडवत होती. मग स्टेशनबाहेरचा पहिला : नोट विझली. दुसरा : विझली. मला आश्चर्य वाटलं. तिसरा, चौघांत सर्वात काळा, ज्याला मी सर्वात भारी समजत होते : त्याच्याखाली नोटेतले धागे तसेच चमकत राहिले.

"पॉलिकार्बोनेट असेल तर ते मुळातच अतिनील अडवतं. पांढरं असलं तरी," काका म्हणाले. "त्याला जास्त पैसे लागत नाहीत. म्हणून दीडशेवालाही पास होतो. पण होईलच असं नाही, आणि स्टिकर कोणीही चिकटवतो." हा दिवा किरणांच्या एकाच पट्ट्याची साक्ष देतो, हेही त्यांनी सांगितलं, पक्कं पाहायचं तर मोठ्या दुकानांतून यूव्ही मीटर असतो, त्यावर काच ठेवून बघायला पैसे पडत नाहीत.

पुढची परीक्षा काचेच्या सफाईची. पास झालेले तिन्ही गॉगल एकेक करून हातभर लांब धरायचे आणि समोरच्या शटरच्या आडव्या पट्ट्यांकडे बघत काच हळूहळू वरखाली हलवायची. एकातून पट्ट्या पाण्यात पडल्यासारख्या लचकल्या. संध्याकाळी माझं कपाळ का ठणकायचं ते तिथे उभ्या उभ्या कळलं. मॉलच्या काचेतून, भेगा सोडल्या तर, पट्ट्या सरळ राहिल्या.

पोलराइज्ड काच घ्यायची असं मी ठरवून आले होते. १९२९ मध्ये एडविन लँड या अमेरिकन तरुणाने पोलरॉइडचा पडदा शोधला, तेव्हापासून ओल्या रस्त्यावरची किंवा गाड्यांच्या टपांवरची चकाकी मारायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. काकांनी एक डोळ्यांवर चढवून दिला आणि बाहेर बघायला सांगितलं. समोरच्या कारच्या काचेमागचा माणूस स्वच्छ दिसायला लागला. मी खूश. मग सवयीने पिशवीतून पिग्मीचं मशीन काढलं आणि त्याच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा काळा. मशीन जरा वाकडं केलं तर आकडे उजळले, पुन्हा सरळ धरलं तर पुसले. त्या पडद्यातही तसाच एक पोलराइज्ड थर असतो आणि दोन थर आडवे-उभे आले की प्रकाश थांबतो. दिवसातून दोनशे वेळा मला त्या पडद्यावर रक्कम बघायची असते. एक शून्य कमी-जास्त दिसलं तर ते माझ्या खिशातून जातं. पोलराइज्ड काच मी तिथेच खाली ठेवली. ज्याला लांबच्या रस्त्यावर गाडी चालवायची आहे त्याने ती अवश्य घ्यावी. माझ्या धंद्याला ती उपयोगाची नाही.

तेव्हा काकांनी मला असं काही विचारलं की पुढचं सगळं सोपं झालं. "नंबरचा चष्मा कसा घेतेस?"

फ्रेम निवडते, काच करून घेते, असं मी म्हटलं.

"मग गॉगल तयार का घेतेस?"

मला बाबांची शिल्ड आठवली. वेल्डिंगच्या शिल्डमध्ये दोन काचा असतात. आत अकरा नंबरची काळी, महाग. तिच्यापुढे साधी पांढरी, स्वस्त. ठिणग्यांनी पांढरीला खड्डे पडले की ती काढून दुसरी सरकवायची. काळी तीच, शिल्ड तीच. बाबांची एक शिल्ड अकरा वर्षं चालली होती. जे झिजणार ते वेगळं करता यायला हवं, हे मी लहानपणी रोज पाहिलं होतं. आणि गॉगल घेताना मी अखंड वस्तू विकत घेत होते, जिचा एक भाग गेला की सगळी जायची.

फ्रेम निवडायला दीड तास गेला. काकांनी घाई केली नाही. त्यांच्या खणांत वीस-वीस वर्षांपूर्वीच्या, न विकल्या गेलेल्या फ्रेमा होत्या. ते एकेक उघडून कानाशी धरायचे, काडी उघड-मीट करायचे आणि आवाज ऐकायचे. चांगली बिजागरी आवाज करत नाही, जरा जड चालते. त्यांनी भिंगातून दाखवलं : दोन्ही बाजूंच्या मिळून पाच चकत्या एकमेकींत गुंतलेल्या आणि मधून एक स्क्रू. स्वस्त फ्रेमला तीनच असतात, किंवा प्लास्टिकमध्येच भोक पाडलेलं असतं. माझ्या मॉलच्या काडीतली स्प्रिंग आत दाबून बसवलेली होती, ती उघडायला स्क्रूच नव्हता. काकांनी ती माझ्यासमोर फिरवून फिरवून पाहिली आणि मान हलवून परत दिली.

धातूची फ्रेम नको असं मी आधीच ठरवलं होतं. माझा घाम खारा आहे; नोजपॅडच्या मुळाशी महिन्याभरात हिरवट थर चढतो आणि गॉगल घसरतो तो वेगळाच. राहिली अ‍ॅसिटेटची. ही फ्रेम जाड तक्त्यातून कापून काढतात, साच्यात ओतत नाहीत. त्यामुळे रंग आरपार असतो, घासला तरी उडत नाही. आणि गरम हवेत धरली की मऊ होते, वळवता येते. वाकडी झाली तर परत सरळ करता येते. काडीच्या आत तार दिसत होती, ती तिला कणा देते. काडीच्या आतल्या बाजूला आकडे होते, ५४-१८-१४०. काचेची रुंदी, नाकावरचं अंतर आणि काडीची लांबी, मिलिमीटरमध्ये. इतकी वर्षं चष्मे लावणाऱ्या बायका ओळखते, पण हे आकडे कोणाला वाचताना पाहिलं नव्हतं. आता मी माझे पाठ केले आहेत.

एक फ्रेम मला फार आवडली होती, रुंद काड्यांची, अगदी वेफेअरर. पण मी हेल्मेट बरोबर नेलं होतं. हेल्मेट घालून गॉगल चढवला तर त्या रुंद काड्यांनी पाच मिनिटांत कानशिलं दुखायला लागली. दुसरी, तशाच चेहऱ्याची पण सडपातळ काड्यांची, सरळ आत सरकली. जिच्या डोक्यावर रोज हेल्मेट असतं तिने हेल्मेट घेऊनच दुकानात जावं, एवढं मी आता सगळ्यांना सांगते.

काच कुठली? खरी काच चरे पडू देत नाही, पण जड असते, आणि स्कूटरवरून पडले तर डोळ्याजवळ काच फुटण्याची मला भीती वाटते. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, पण त्याला ओरखडे लवकर पडतात. मधली सीआर-३९. अमेरिकेत १९४० च्या सुमाराला कोलंबिया रेझिन नावाच्या मिश्रणांचे प्रयोग झाले, त्यातलं हे एकोणचाळिसावं. हलकी, स्वच्छ, पॉलिकार्बोनेटपेक्षा चऱ्यांना जरा टणक. मात्र साधी सीआर-३९ सगळे अतिनील किरण अडवत नाही, तिच्यावर यूव्हीची प्रक्रिया वेगळी सांगून घ्यावी लागते. हे न सांगता काळी काच बसवून आणणारे कितीतरी लोक असतील.

रंग करडा-हिरवा. रेबॅनची जुनी प्रसिद्ध जी-१५ काच याच रंगाची, पंधरा म्हणजे पंधरा टक्के उजेड आत सोडणारी. गॉगलच्या काचांना ० ते ४ असे दर्जे असतात. तिसऱ्या दर्जाची काच ८ ते १८ टक्के उजेड सोडते, आपल्या उन्हाला ती बरोबर. चौथीतून ३ ते ८ टक्केच येतो, ती लावून गाडी चालवायची नसते. करड्या काचेतून रंग जसेच्या तसे दिसतात, सगळं फक्त सावलीत गेल्यासारखं होतं.

दोन दिवसांनी काचा आल्या आणि काकांनी त्या माझ्यासमोर घासून बसवल्या. गोल चकती पाण्याखाली फिरणाऱ्या दगडावर टेकवून, बोटांच्या टोकांनी फिरवत फिरवत. पांढरट गाळ त्यांच्या मनगटावर ओघळत होता. मध्येच थांबून फ्रेमला लावून बघायचे, पुन्हा एक केसभर घासायचे. फ्रेम गरम केली, काच अंगठ्याने दाबली आणि 'टक' असा बारीक आवाज झाला. त्या आवाजानंतर ती काच बदलेपर्यंत कधी हलली नाही. शेवटी त्यांनी स्क्रू घट्ट करून त्याच्या डोक्यावर बिनरंगाच्या नेलपॉलिशचा थेंब सोडला, स्कूटरच्या थरथरीने स्क्रू सैल होऊ नये म्हणून. मग नोटेचा दिवा पुन्हा ओढला. नोट विझली. फ्रेम नऊशे, काचा साडेसातशे, एकूण सोळाशे पन्नास.

पहिल्या रविवारी बाबांना घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले. वालधुनीच्या काठचं हे देऊळ काळ्या दगडाचं. शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे ते १०६० सालचं. मला बघायचं होतं की भर उन्हात गॉगल लावून त्या काळ्या दगडाच्या सावलीतलं कोरीव काम दिसतं का. दिसलं. उन्हातल्या बाजूचं आणि सावलीतलं, दोन्ही, एकदम. बाबांनी गॉगल मागून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि बराच वेळ भिंतीवरच्या मूर्ती पाहत उभे राहिले. मग काड्या उघड-मीट करून, स्क्रू निरखून मला परत दिला. "खोलता येतो," एवढंच म्हणाले.

अडीच वर्षांनी काचांना चरे दिसायला लागले. सातशे रुपयांत नव्या बसवल्या, फ्रेम तीच. मध्ये दोनदा स्क्रू बदलला, वीस-वीस रुपये. आता मी ओढणीला पुसत नाही. आधी नळाखाली धरून धूळ वाहू देते, मग मऊ कापडाने टिपते. कोरडी धूळ पुसली की तीच चरे पाडते, आणि काँक्रीटीकरणाच्या कामांनी आमच्या रस्त्यांवर धुळीची काही कमी नाही. डिकीत ठेवत नाही. वहीप्रमाणे आजवर दोन हजार तीनशे नव्वद रुपये झाले, कामाचे दिवस सव्वाअकराशे. दिवसाला दोन रुपये बारा पैसे, आणि हा आकडा दर महिन्याला खाली येतोय. डोळ्यातला तो त्रिकोण डॉक्टरांनी गेल्या पावसाळ्यात मोजला. आहे तिथेच आहे.

बाजाराच्या तोंडाशी एक मावशी बसतात, पाड्यावरून येणाऱ्या. थंडीत बोरं आणि चिंचा, जूनला जांभळं. बदलापूरच्या जांभळांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण ती विकणारी दिवसभर कुठे बसते ते कोणी बघत नाही. सावली नसते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मांस वाढलेलं आहे, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. गेल्या महिन्यात त्यांनी मला थांबवून विचारलं, "ताई, ह्यो चष्मा कितीला?" मी सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग मीच म्हटलं, रोजचे दहा टाका, जांभळं येईपर्यंत होतील. दुसऱ्या दिवशी खातं उघडलं. पावतीवर नाव छापून आलं तेव्हा त्यांनी ती घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.

काल पैसे देताना त्यांनी विचारलं, "पण काळ्या काचेतून माल वळखू येतो का? पिकलं कुठलं नि कच्चं कुठलं?"

मी गॉगल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी डोळ्यांवर धरला, आधी वर आभाळाकडे पाहिलं, मग टोपलीकडे. एका हाताने गॉगल तसाच धरून दुसऱ्या हाताने बोरं चाळली आणि त्यातली दोन हिरवी वेचून बाजूला ठेवली.